तीनदा मीठ बदललं

आदिलाबादहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र एका दिवसात नीट गाठता येत नाही, आणि मी माझ्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीचा समुद्र ठेवला होता. नुसती मासे पोहणारी काचपेटी नव्हे. खाऱ्या पाण्यातली, प्रवाळ वाढवायची टाकी. हैदराबादला एका प्रशिक्षणाला गेले असताना लॉजच्या खालच्या मजल्यावर तशी टाकी पाहिली होती. तीन दिवस प्रशिक्षण सोडून मी तिच्यासमोरच उभी होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी हवंसं वाटणं हीच मोठी गोष्ट असते, म्हणून मी फार विचार केला नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न झालं नाही. 'केलं नाही' असं मी सांगते, आणि कोणी उलट विचारत नाही, कारण मार्क देणाऱ्या बाईला उलट कोण विचारणार. घरात मी आणि माझी आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी सख्खी बहीण. मी हॉस्टेलात राहून बी.एस्सी. करत होते तेव्हा ती वांकिडीला सासरी कापूस वेचत होती. मेहुणे गेले, मुलानं पांढरकवड्याला कटलरीचं दुकान टाकलं, आणि आक्का माझ्याकडे आली. आली ती अकरा वर्षं राहिली. मुलगा दर सणाला फोन करायचा, "माय, ये आता इकडं, पोराले पाहाले कोनी नाही." आक्का काहीतरी सबब सांगायची. फोन ठेवला की मला म्हणायची, "तिथं गेली का मी कोनाची सासू, कोनाची आजी. सकाळपासून झोपेलोक दुसऱ्याचंच. इथं मले जरा टाइम भेटते वं."

तो टाइम ती काय करायची, हे मी कधी पाहिलं नव्हतं. टाकी आल्यावर पाहिलं.

आधी टाकीचं पाणी सांगते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारायचा, की खारं पाणीच हवं तर किराण्यातलं खडेमीठ का नाही टाकत? मीही न थकता वर्ग घेतल्यासारखी सांगायची. समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, आणि अल्कलिनिटी म्हणतात ते असतं, म्हणजे प्रवाळाला आपलं हाड बांधायला लागणारा सगळा मालमसाला. ते सगळं ठरलेल्या मापात घातलेलं मीठ बादलीतून विकत मिळतं. इथं नाही, हैदराबादहून मागवावं लागतं. ते विरघळवायचं ते कोऱ्या पाण्यात, कारण आमच्या बोअरचं पाणी असं, की गिझरची कॉइल वर्षात दगड होते. म्हणून मोरीत आरओ बसवला, त्यापुढे आणखी एक गाळणी लावली. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत मी त्या पाण्याला हात लावला नाही.

आणि मीठ निवडायचं कसं, तर ज्याचं त्याचं वेगळं. काही मिठांत अल्कलिनिटी चढी असते, प्रवाळ भराभर वाढावं म्हणून. काही अगदी समुद्राच्या बरोबरीची असतात, हळू पण सांभाळून. मी दोन्ही प्रकार कॉलेजच्या प्रयोगशाळेत टायट्रेट करून पाहिले. बादलीवर जे छापलं होतं त्याहून एकात कॅल्शियम कमी निघालं, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्याचा आनंद झाला. सांभाळून चालणारं मीठ घेतलं. बादली आली की आधी ती जमिनीवर आडवी लोळवायची, म्हणजे प्रवासात खाली बसलेलं वर येतं. ते काम आक्काचं. साडी खोचून ती बादली हॉलभर लोळवायची आणि म्हणायची, "माय वं, पोळ्याचा बैल बी एवढा लाडावत नाही."

रोजचं दुसरं काम म्हणजे पाण्याची भर. टाकीतून पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून जेवढं उडेल तेवढं कोरं पाणी वरून घालायचं, खारं नाही. हे मी माझ्या एका सहकाऱ्याला, तोही रसायनशास्त्राचाच, तीनदा समजावलं. आक्काला एकदाही समजवावं लागलं नाही. ती म्हणाली, "चुलीवर वरन आटलं का खारट होते, मंग आपन त्याच्यात मीठ थोडी टाकतो, पानीच टाकतो." झालं. काचेवर मी मार्करनं रेघ मारली होती. सकाळी मी कॉलेजला गेले की रेघेपर्यंत पाणी भरायचं काम तिचं झालं.

मग एकदा दुपारी लवकर घरी आले तर आक्का टाकीसमोर स्टूल टाकून बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. मी ओरडणार होते. तिनं डाव्या हाताचं बोट ओठावर ठेवलं. टाकीत एक कोळंबी होती, लाल, पाठीवर पांढरी रेघ. माशांच्या अंगावरची घाण वेचून खायचा तिचा धर्म. ती आक्काच्या बोटांवर चढून नखांच्या कडा साफ करत होती. आयुष्यभर शेण, माती, राख, कापसाची बोंडं यात घातलेली ती नखं. आक्का हसत होती, पण आवाज न करता, कोळंबी बिचकू नये म्हणून. "माह्या नखाचं कोनी कदी पाह्यलं नव्हतं," असं म्हणाली. मी म्हटलं, हात साबणाचा नाही ना. एवढंच म्हटलं.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. प्रवाळांची टोकं वाढली, शंखातल्या गोगलगायींनी काचेवर अंडी घातली. मी कॉलेजात फोटो दाखवत फिरले. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र सगळं उत्तम आहे म्हणायला जागा राहिली नाही. आदिलाबादचा मे ज्यानं काढला त्याला सांगायला नको. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखे लावले, आणि पंख्यांनी पाणी आणखी पळवलं. दिवसाला सहा-सात लिटर. आरओचे दोन कॅन पुरेनात. मला मोठं भांडं हवं होतं, पण प्लॅस्टिकचा आणखी एक ड्रम हॉलमध्ये नको होता. स्टाफरूममध्ये तेव्हा सगळ्यांच्या हातात तांब्याच्या बाटल्या आल्या होत्या. तांब्यातलं पाणी कसं शुद्ध, यावर मराठी, तेलुगु, हिंदी तिन्ही भाषांत रोज चर्चा व्हायची, आणि मीही त्यात मान डोलवायची. माळ्यावर आईचा तांब्याचा हंडा पालथा पडून होता. तो मी काढायला लावला.

आक्कानं तो काढला, पण ठेवताना म्हणाली, "तांब्यात नको ठेवू वं. कळकते."

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं, आमटी ठेवली, की ती कळकते, तोंडात धरवत नाही. हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "आक्का, आंबट-खारट कळकते. खारं पाणी तर मी प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच बनवते ना? हे कोरं पाणी आहे. ह्याच्यात काहीच नाही."

"कोरंच तर म्हनून राह्यली. रातभर राह्यते ना त्याच्यात. मले त बरं वाटत नाही."

"लोक पितात, आक्का. डॉक्टर लोक पितात."

"बरं," आक्का म्हणाली. घरात माझा शब्द शेवटचा असायचा. पगार माझा, घर माझं, आणि पाण्याचं शास्त्रही माझंच. ती दर शुक्रवारी चिंच लावून तो हंडा आतून-बाहेरून असा घासायची, की हॉलमध्ये दुसरा दिवा लावल्यासारखं व्हायचं. पाहुणे आधी हंड्याकडे पाहायचे, मग टाकीकडे. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं.

जून संपता संपता कोळंबी मेली. आक्कानं मला कॉलेजात फोन केला. अकरा वर्षांत तिनं मला कॉलेजात दोनदाच फोन केला असेल. "ती आडवी पडली वं, पाय हालत नाही." मी म्हटलं, कात टाकली असेल, नीट बघ. कात नव्हती. मग गोगलगायी एकेक करून खाली पडू लागल्या. मग प्रवाळांनी आपली तोंडं मिटून घेतली आणि टोकांकडून ती पांढरी पडत गेली. मासे मात्र मजेत होते, खात होते, पोहत होते. म्हणून मला विष वगैरे काही सुचलंच नाही.

मला मीठ सुचलं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं. मी म्हटलं बादली जुनी आली, ओल लागली, मॅग्नेशियम बसलं. मीठ बदललं. दुसरं चढ्या अल्कलिनिटीचं आणलं, पाण्याचा आकडा एकदम चढला आणि जी दोन प्रवाळं कशीबशी तग धरून होती तीही भाजल्यासारखी झाली. पुन्हा मीठ बदललं, तिसरं. माझ्याकडे वही होती. रोजचा खारटपणा, कॅल्शियम, अल्कलिनिटी, तापमान, कुठल्या दिवशी कुठलं मीठ, सगळं ओळीनं लिहिलेलं. इतकी नेटकी वही माझ्या एकाही विद्यार्थ्याची नसेल. त्यात हंडा कधी सुरू केला ती तारीख नव्हती. भांडं मी रसायनात धरलंच नव्हतं.

पावसाळाभर मी ती वही घेऊन बसले. आक्का एकदा जेवताना म्हणाली, "मी एक सांगू का? मी पानी टाकते ना सकाळी, तवाच ते प्रवाळ आंग चोरते. तू टाकते तवा बी चोरत असन, पन मी रोज टाकते म्हनून मले दिसते."

ती जे सांगत होती ते निरीक्षण होतं. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं हे सांगितलं असतं तर मी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली असती. मी आक्काला विचारलं, "तुझ्या हाताला काय असतं तेव्हा?"

"काय असन? काई नाही."

"हळद? साबण? चिंच? तू त्या हाताने हंडा घासते, अन् तोच हात पाण्यात घालते."

"शुक्रवारी घासते. अन् हात धुतल्याबिगर मी जात नाही त्याच्यापाशी."

त्या दिवसापासून माझी नजर बदलली. संशयाचं असं असतं, की त्याला पुरावा आपोआप मिळत जातो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आक्का घरातल्या साऱ्या हत्यारांना हळदकुंकू लावायची. विळी, सुरी, शिलाई मशीन, माझा कॅल्क्युलेटर सुद्धा. त्या वर्षी तिनं टाकीच्या काचेलाही बोट लावलं. बाहेरून, खालच्या कोपऱ्यात. संध्याकाळी मला ते दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. कुंकवात काय काय असतं, ह्यावर मी तिला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "बाहेरून लावलं वं, काचेले. बरं होवो म्हनून." मी म्हटलं, "आज बाहेरून लावलं. मागं कितीदा आतून लावलं?"

हे वाक्य मी बोलले. त्याच्यापुढे जे झालं त्याचा दोष मी मिठाला देऊ शकत नाही.

तिनं कुंकू पदरानं पुसून टाकलं.

दिवाळीनंतर उरलंसुरलं शेवटचं प्रवाळ गेलं, तेव्हा मी हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. मीठ, मासे, प्रवाळ, सगळं त्याच्याकडूनच यायचं. बोलणं अर्थात हिंदीतून. त्यानं सगळे आकडे विचारले, मी वहीतून वाचून दाखवले. तो म्हणाला, "मैडम, पैरामीटर तो परफेक्ट है आपका. मेरे खुद के टैंक में इतना नहीं रहता. कुछ बाहर से गिर रहा पानी में. रोज पानी कौन डालता?"

आक्का स्वयंपाकघरात होती. दार उघडं होतं. पण तिला हिंदी येत नाही, असं मी धरून चालले होते. का धरून चालले होते, देव जाणे. वांकिडीच्या बाजारात जन्मभर कापूस विकलेल्या बाईला हिंदी येणार नाही? तर मला त्या क्षणी लाज वाटली. चोवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी बाई, आणि तिच्या टाकीत घरच्याच माणसाकडून अशी चूक. माझी बहीण, असं सांगायला माझी जीभ वळली नाही.

"कामवाली डालती है," मी म्हटलं. "अनपढ़ है. कुछ न कुछ डाल देती होगी."

"तो पहले उसका हाथ बंद करो मैडम," तो म्हणाला. "साल्ट कितना भी बदलो, कुछ नहीं होने का."

फोन ठेवून मी आत गेले आणि आक्काला म्हटलं, "उद्यापासून टाकीला हात लावू नको. पाणी मी भरीन." ती भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली. हात थांबला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी मुलाचा फोन आला. नेहमीसारखाच. या वेळी आक्कानं सबब सांगितली नाही. दोन पिशव्या भरल्या. जायच्या आधी हंडा घासला, पालथा घातला, तांदळाच्या डब्यांवर काय काय आहे ते मला सांगितलं. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं, की आता पाणी ठीक होईल. ते लिहितानाही माझी मान खाली जाते.

पाणी ठीक झालं नाही. आता पाणी मीच भरत होते, त्याच हंड्यातून. नव्या गोगलगायी मागवल्या, त्या पंधरवड्यात मेल्या. मग मी म्हणू लागले, की आक्कानं जे टाकलं ते दगडांत मुरलंय, निघायला वेळ लागेल. म्हणजे ती पांढरकवड्याला जाऊनही गुन्हेगारच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी निघून गेल्यावरही खटला चालूच.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा असतात. मुलांना क्षार ओळखायला देतो. त्यात तांब्याचा क्षार ओळखायचा तर त्यात अमोनिया घालतात, आणि पाणी गर्द निळं होतं. शाईपेक्षा निळं. हा रंग मी चोवीस वर्षं पाहिलाय, झोपेत पाहिला तरी ओळखीन. त्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांबरोबर फिरताना सात-आठ नळ्यांत तो पाहिला आणि उत्तरपत्रिकांवर सह्या केल्या. घरी आले, पाणी भरायला हंड्याचं झाकण काढलं. आक्का गेल्यापासून हंडा कोणी घासलेला नव्हता. आत, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, हिरवं कडं आलं होतं. बारीक, हिरवट निळं, नखानं खरवडता येईल असं.

मी बराच वेळ झाकण हातात घेऊन उभी होते. मग चिडून स्वतःशीच म्हटलं, लोक पितात हे पाणी.

लोक पितात. माणसाला तेवढ्या तांब्यानं काही होत नाही, माशालाही फारसं होत नाही. कोळंबीला, गोगलगाईला, प्रवाळाला होतं. हे पुस्तकात आहे, मी वाचलेलं आहे. आणि ज्या पाण्यात काहीच नाही, ते पाणी भुकेलं असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्याचं थोडंथोडं घेतं, हे तर मी स्वतः दर वर्षी शिकवते. त्यात दर शुक्रवारी चिंचेनं घासून नवं तांबं उघडं केलेलं. उन्हाळाभर रोज सात लिटर. पाणी उडून जायचं, तांबं मागं राहायचं. वरण आटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी हंड्यातलं दहा लिटर पाणी कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत नेलं. बीकरमध्ये थोडं थोडं घालत आटवत राहिले. परीक्षा संपून मुलं गेली, अटेंडर दोनदा डोकावून गेला. दहा लिटरचं चमचाभर उरलं. त्यात अमोनिया घातला.

निळं झालं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. माझ्या रागाची सवयच तशी, समोर आक्का लागायची. तिनं उन्हाळ्यातच सांगितलं होतं, एका शब्दात. कळकते. तिच्याकडे मीटर नव्हतं, वही नव्हती, शब्द मात्र बरोबर होता. आणि मी काय करत होते? तीनदा मीठ बदललं.

पुढचंही लपवत नाही. मी लगेच पांढरकवड्याला गेले नाही. आधी हंडा माळ्यावर टाकला, ड्रम आणला, टाकीचं पाणी चार वेळा बदललं, तांबं शोषून घेणारी गाळणी हैदराबादहून मागवून लावली. तीन आठवडे गेले. मी स्वतःला सांगत होते, की सगळं ठीक झालं की चांगली बातमी घेऊन जाते. खरं म्हणजे पाण्याशी बोलणं सोपं होतं. पाणी विचारत नाही, तू तेव्हा काय म्हणाली होतीस.

एका रविवारी गेले. पैनगंगेचा पूल ओलांडला की तासाभरात पांढरकवडा. दुकानाच्या मागच्या खोलीत आक्का धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. आजूबाजूला बांगड्यांची, कंगव्यांची खोकी. तिची खाट त्या खोक्यांच्या मधेच. मला पाहून ती उठू लागली, मी म्हटलं बस. सून दुकानात होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. हंडा, हिरवं कडं, दहा लिटर, निळा रंग. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, असंही म्हटलं. ते वाक्य मी बसमध्ये चार वेळा म्हणून पाहिलं होतं. मग म्हटलं, चल घरी.

आक्का ऐकत होती. नातवाच्या पाठीवर थोपटणं चालू होतं. तिनं हंड्याबद्दल काही विचारलं नाही. 'मी म्हटलं होतं' असंही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "त्या हैदराबादवाल्याले सांगतलं का तू?"

"काय?"

"का मी काई टाकलं नव्हतं म्हनून."

मी सांगितलं नव्हतं. गाळणी मागवायला त्याला दोनदा फोन केला होता, पण हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे एवढंच हवंय ना, हे तर माझ्या हातात आहे. मी तिथल्या तिथे फोन काढला, तिला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. त्यानं उचलला. मी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "भैया, वो टैंक में तांबे का हंडा था, उससे सब मरा. हंडा मैंने रखवाया था. मेरी बहन ने कुछ नहीं डाला था."

मग तो म्हणाला, "बहन? कौन बहन, मैडम? आप तो बोले थे, कामवाली है."

मी फोन बंद केला. करायला उशीर झाला होता. आक्काकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, आणि तेव्हा मला कळलं, की हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. 'अनपढ़'ही ऐकलं होतं, 'कामवाली'ही ऐकलं होतं, आणि नंतर आठ दिवस मला भाकरी करून घातली होती.

"आक्का," मी म्हटलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तो काई मले वळखत नाही वं. त्याचं काय एवढं."

मग तिनं पोराला खाटेवर निजवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, आणि माझी बस किती वाजता आहे ते विचारून चहा ठेवायला गेली.